तिची खाज, दादाचे हात

दादा आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर म्हणून लागला, त्याच हिवाळ्यात ती कुत्री आमच्या घरी आली. आली म्हणजे दादाच्या मागून आली. फर्स्ट शिफ्ट सुटली की तो सायकलने चिंचवडगावात घरी यायचा. मुंबई रस्त्यावर एका टपरीपाशी चहाला थांबला असताना डब्यात उरलेली पोळी त्याने तिला टाकली. ती खाऊन झाल्यावर ती सायकलीमागून पळत सुटली ती थेट आमच्या दारापर्यंत.

"हिला कुठून आणलीस?" आईने विचारलं.

"मी कुठं आणली? तीच आली."

बाबा शाळेतले पेपर तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आली तशी जाईल."

ती गेली नाही. तांबूस रंगाची, पांढऱ्या गळ्याची, एक कान कायम मोडल्यासारखा खाली पडलेला, अशी साधी गावठी कुत्री. तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं. आई मला 'अगं ए' म्हणून हाक मारायची, आणि थोड्या दिवसांत तिलाही तशीच मारू लागली. त्यामुळे आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की आम्ही दोघीही जायचो. काम असेल तर माझं, भाकरी असेल तर तिची.

आम्ही दोन खोल्या आणि मागची पडवी एवढ्या जागेत भाड्याने राहत होतो. घरमालक गावातलेच जुने शेतकरी. मालकीणबाई म्हातारी, तोंडाने फटकळ, पण दिवसातून एकदा आमच्या पडवीत येऊन बसल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. कुत्री पाळायची म्हणून तिला विचारावं लागलं. "पाळा की," ती म्हणाली, "माणसाला भाडं हाय, कुत्र्याला न्हाई."

थंडी वाढली तेव्हा दादाने कुत्रीसाठी गादी केली. कंपनीत मशीन पुसायला सुताचे गुंतवळे मिळत, त्याला वेस्ट म्हणतात. वापरलेलं वेस्ट फेकूनच द्यायचं असतं. सुपरवायझरला विचारून ते त्याने पिशवी भरून आणलं, गोणपाटात ठासलं आणि दाभणाने तोंड शिवून टाकलं. पडवीच्या कोपऱ्यात पोतं ठेवायचा अवकाश, ती त्यावर चढली, तीनदा गोल फिरली आणि हनुवटी टेकून झोपली. दादाला इतका आनंद झाला, की त्याने शेजारच्यांना बोलावून ते दाखवलं. मग पोतं चेपलं की नवं वेस्ट आणून भरायचं, हे त्याचं कामच झालं. वर अंथरायला त्याने कामावर घालायचा आपला एक जुना बॉयलर सूटही दिला. त्याच्या अंगाचा वास असल्यामुळे तिला तो फार आवडायचा. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, तरी संध्याकाळी घटकाभर तो पडवीत त्या पोत्याशेजारी बसायचाच.

दुष्काळाच्या साली नळाला जेमतेम पाणी यायला लागलं. कपडे धुणं लांबत गेलं. दादाचे कामावरचे कपडे आठवडाभर तसेच पडवीच्या खिळ्याला लटकत, पोत्यावरचा बॉयलर सूटही धुवायचा राहून जाई. त्या सुमारास कुत्री खाजवायला लागली.

सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. कुत्रं म्हटलं की खाजवणारच. पण मग ती जेवता जेवता थांबून खाजवू लागली. झोपेतून दचकून उठे आणि पोट चाटत बसे. मागचा पाय जमिनीवर आपटण्याचा ठक ठक आवाज मी अभ्यासाला बसले की भिंतीपलीकडून यायचा. मी तेव्हा अकरावीला होते, त्या काळी तीच मॅट्रिक, आणि त्या वर्षातलं मला काय आठवतं म्हणाल, तर भूमिती नाही, तो आवाज आठवतो. महिन्याभरात तिच्या पोटावरचे केस गेले. काखेत आणि जांघेत कातडी लाल झाली, मग जाड आणि काळपट. हनुवटीखाली पुरळ आलं. ती भिंतीला अंग घासत चालायची आणि भिंतीवर एका उंचीवर तेलकट पट्टा उमटायचा.

"ही खरूज हाय, मास्तरीणबाई," मालकीणबाई आईला म्हणाली. "आमच्या बैलाला झाली व्हती. कडुलिंबाचा पाला उकळा आन् त्या पाण्यानं धुवा."

आईने पाला उकळला. पाणी किती मिळायचं त्या दिवसांत! पण आईने आपल्या अंघोळीच्या पाण्यात काटकसर केली आणि अर्धी बादली कुत्रीला दिली. ती शहाण्यासारखी उभी राहिली. त्या दिवशी आईने पोतंही उन्हात टाकलं होतं, म्हणून कुत्रीला आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर निजवलं. रात्रभर ती गाढ झोपली. सकाळी आई म्हणाली, "बघा, कडुलिंबाचा गुण!" दुसऱ्या दिवशी पोतं कोपऱ्यात परत आलं, आणि पुन्हा ठक ठक सुरू झालं. असं दोन-तीनदा झालं. दर वेळी आम्ही कडुलिंबाला श्रेय दिलं आणि दर वेळी म्हणालो, की गुण टिकत नाही.

मग करंजाच्या तेलात गंधक खलून लावलं. कोणीतरी ताक सांगितलं, ते लावलं. ढेकणांवरची वास मारणारी पावडर आणली, ती बाबांनी लावू दिली नाही, एवढं बरं झालं. शेवटी दादाच्या शिफ्टमधल्या एका मित्राने सांगितलं, "जळकं ऑईल लाव, भावा. दोन दिवसांत खरूज पळते. आमच्या गावाकडं सगळे तेच लावतात."

दादाने कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल डबीतून आणलं. ओट्यावर तिला उभी करून जुन्या ब्रशने पोटाला, काखेला, हनुवटीला लावलं. लाल कातडीवर तेल लागल्याबरोबर ती थरथरली, पण हलली नाही. लावणारा दादा होता ना. काम झाल्यावर तिने त्याचा हात चाटला आणि मग स्वतःचं पोट चाटायला लागली. आम्ही 'नको, नको' म्हणेपर्यंत बरंचसं तेल पोटात गेलं होतं. दोन दिवस ती ओकत होती. काही खाल्लं नाही. पडवीत तेलाचा वास असा बसला, की वहिनीला तिकडे जायचं म्हटलं तरी मळमळायचं. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

आणि मग दादाच्या हातांना खाज सुटली.

आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. बारीक बारीक पुळ्या, त्यांतून पाणी यायचं, कातडी तडकायची. जेवताना तिखट भाजीला हात लागला की तो डोळे मिटून घ्यायचा. वहिनीने त्याला चमचा दिला. आमच्या घरात चमच्याने भाजी-भाकरी खाणारा तो पहिलाच.

घरात कोणालाही शंका आली नाही. कुत्रीला खरूज होती, दादा तिला रोज हात लावत होता, आता दादाला झाली. हिशोब सरळ दिसत होता. वहिनीची आई भेटायला आली होती, तिने दादाचे हात पाहिले, पडवीतली कुत्री पाहिली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"बाळंतपण इथंच करायचं म्हणता ना?" ती आईला म्हणाली. "मग तान्हं मूल या घरात कसं ठेवायचं?"

त्या संध्याकाळी बाबांनी दादाला समोर बसवलं. बाबा कुत्र्यामांजरांवर जीव टाकणारे नव्हते, पण निर्दयही नव्हते. उन्हाळ्यात कुत्रीच्या भांड्यात पाणी आहे का, हे ते न बोलता बघून यायचे.

"तिला कुठंतरी सोडावी लागेल," बाबा म्हणाले.

दादा खाली बघत होता.

"रस्त्यावर सोड म्हणत नाही मी. मालकीणबाईंची लेक रहाटणीला दिलेली आहे. त्यांचा मळा आहे. त्यांना राखणीला कुत्रं हवंच असतं. मी विचारलंय."

"खरूज असलेलं कुत्रं ठेवतील?"

"मळ्यात उघड्यावर राहील. माणसांत नाही." मग बाबा म्हणाले, "मुलाचा विचार कर."

दादाने 'बरं' म्हटलं. त्याने वाद घालावा, असं मला फार वाटत होतं. आईलाही वाटत असावं, कारण ती दारात उभी राहून दोघांकडे बघत राहिली होती. पण दादा उठला आणि सायकलीत हवा भरायला गेला.

रविवारी आम्ही निघालो. दादाने मला कॅरिअरवर बसवलं. कुत्रीसाठी दोरी घेतली होती, पण ती पिशवीतच राहिली. तिला बांधायची गरजच पडली नाही. दादा सायकलवर बसला की ती मागे पळायचीच. नदी ओलांडून आम्ही थेरगावाच्या बाजूने निघालो. तेव्हा तिकडे घरं थोडी आणि वावरं फार. कुत्री कधी पुढे, कधी मागे, मध्येच थांबून पोट खाजवी आणि पुन्हा धावत आम्हाला गाठी. जीभ बाहेर, मोडका कान हलतोय. तिला वाटत होतं, फिरायला निघालोय. मी मागे वळून बघितलं की ती शेपटी हलवायची. एका वळणानंतर मी बघायचं सोडून दिलं.

रहाटणीच्या मळ्यात मालकीणबाईंची लेक वांगी तोडत होती. कंबरेला पदर खोचून ती बांधावर आली. कुत्रीचं पोट बघून तिने तोंड वाकडं केलं, पण हाकललं नाही.

"लई हाल झाल्यात की हिचे. ऱ्हाऊ द्या, दादा. गोठ्याच्या मागं बांधते चार दिस, मंग सोडते. जगली तर जगली."

दादाने स्वतःच तिला बाभळीला बांधलं. गाठ नीट बसेना. हात फुटलेले, दोरी लागत होती. मी पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे, मी बांधतो." मग तो सरळ सायकलीकडे गेला. मागून ती आधी कुईकुई करत होती, मग भुंकायला लागली. आम्ही नदीपर्यंत आलो तरी मला भुंकणं ऐकू येत होतं. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी येत होतं. दादा मागे न बघता पायडल मारत राहिला. परतताना एकटं पडू नये म्हणून त्याने मला सोबत घेतलं होतं, ते मला त्या वाटेवर कळलं.

घरी आल्यावर आईने पडवी फिनेलने धुतली. ते पोतं मालकीणबाईंनी परसात जाळलं. सुताला तेल लागलेलं, त्याचा काळा धूर बराच वेळ निघत होता.

कुत्री गेली, पण दादाचे हात बरे होईनात. पंधरवडा गेला, महिना गेला. वहिनीने ताटवाट्या वेगळ्या केल्या. चादरी उकळून काढल्या. गंधकाचं मलम रोज चोळलं, त्याने आग आणखी वाढली. एक गोष्ट मात्र वहिनीच्या लक्षात आली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हात जरा सुकलेले दिसत आणि शिफ्टवरून आला की पुन्हा लालभडक. तिने ते दादाला सांगितलं. दादा हसला. "म्हणजे काय, कंपनीला खरूज झाली?"

शेवटी लेथवर लावायचा लोखंडी तुकडा हातातून निसटायला लागला, तेव्हा सुपरवायझरनेच त्याला कंपनीच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी हात बघितले आणि बघता बघताच विचारलं, "लेथवर आहेस?"

"हो."

"कुलंटमध्ये हात असतो?"

कुलंट म्हणजे लोखंड कापताना मशीन तापू नये म्हणून वरून सोडतात ते दुधासारखं पांढरं तेलपाणी. दादाचे हात आठ-आठ तास त्यात असायचे. उन्हाळ्यात ते पाणी आंबायचं, वास मारायचं, तरी त्यातच काम चालायचं. डॉक्टरांनी सांगितलं, ही खरूज नाही. कुलंटने कातडी खाल्ली जाते. पुष्कळांना होतं. काम झालं की हात साबणाने धुवायचे, रॉकेलने नाही, आणि वेस्टने पुसायचे तर अजिबात नाहीत, कारण त्या सुतात तेच तेल आणि लोखंडाचा बारीक कीस असतो.

हे सगळं दादाने घरी येऊन आम्हाला सांगितलं. सांगता सांगता 'वेस्ट' या शब्दापाशी तो थांबला. आई पोळ्या लाटत होती, तिचाही हात थांबला.  आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एकच गोष्ट होती, ते पडवीतलं पोतं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तो आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. रोज शाळेत जाताना मी त्याच्यावरून जायचे. बाहेर म्हशी, बैल उभे असायचे. कुत्र्याला तिथे न्यायचं असतं, हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुत्रं म्हणजे काय औषधपाण्याचं जनावर होतं का, त्या काळी!

डॉक्टर एका म्हशीच्या खुरात काहीतरी भरत होते. "जनावर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"रहाटणीला," दादा म्हणाला.

"मग मी कोणाला तपासू?"

दादाने सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी हात धुतले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "खाज कुठं होती तेवढं मला सांगा. सगळ्या अंगाला?"

"पोटाला. काखेत, जांघेत."

"कानाच्या कडा?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कान चांगले होते. हनुवटीला होतं."

"शेपटीच्या बुडाशी? पाठीवर?"

"पाठीवर केस होते सगळे."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग समजावून सांगितलं. पिसवा झाल्या की कुत्रं बहुधा शेपटीचं बूड आणि कंबर कुरतडतं. खरूज कानाच्या कडांना आणि कोपरांना धरते. आणि पोट, काख, जांघ, हनुवटी, जिथे केस विरळ आणि जे जमिनीला टेकतं, तिथेच खाज असेल, तर कुत्रं कशावर निजतं ते आधी बघायचं. "कुत्री न बघता मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले. "कधीकधी दोन गोष्टी एकदम असतात. पण तुमचे हात बघून मला वाटतं, तुम्हा दोघांना एकमेकांपासून काही झालेलं नाही. दोघांनाही एकाच तेलानं झालंय."

"मी जळकं ऑईल लावलं होतं," दादा म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं दादा नंतर म्हणाला. "सगळेच लावतात," ते म्हणाले. "जखमेवर विष आहे ते. चाटलं तर पोटातही. नशीब, वाचली."

"मग करायला काय हवं होतं?"

"फार काही नाही. पोतं काढून टाकायचं. अंगाला लागलेलं तेल साध्या साबणानं, कोमट पाण्यानं धुऊन काढायचं, साबण पुरता निघेपर्यंत. कोरडं पुसायचं. निजायला स्वच्छ सुती कापड, दर चार दिवसांनी धुतलेलं. आणि मग काहीच लावायचं नाही. कातडीला जरा दम खाऊ द्यायचा. नाहीच राहिलं तर इथं आणायचं."

बाहेर आल्यावर दादा सायकलीचं कुलूप काढायला वाकला. "लुगड्यावर झोपली होती तेव्हा बरी होती ती," तो म्हणाला. एवढंच.

पुढच्या सुट्टीला आम्ही रहाटणीला गेलो. दादाने घरी अंघोळ केली, हात कोपरापर्यंत धुतले, ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. मळ्यापर्यंत पोचायच्या आतच ती बांधावरून उड्या मारत आली. मी तिला ओळखलंच नाही. पोटावर मऊ, बारीक, तांबूस केस उगवले होते. अंग भरलं होतं. दादाच्या भोवती ती इतकी गरगर फिरली, की सायकल आडवी झाली. तो खाली बसला आणि तिने त्याचं तोंड, कान, गळा, सगळं चाटून काढलं. हात मात्र त्याने मागे धरले होते.

"काय औषध केलंत?" त्याने मालकीणबाईंच्या लेकीला विचारलं.

"औशीद कुठलं? आमी काय बी केलं न्हाई. नदीत डुंबती, कडब्यावर पडती. आपसूक झाली बरी." मग ती म्हणाली, "न्यायला आलाय व्हय?"

 मला वाटलं होतं, आम्ही तिला न्यायलाच आलोय. घरून निघताना आईने पडवीत धुतलेलं कापड अंथरून ठेवलं होतं. बाबांनीही काही म्हटलं नव्हतं. दादाने तिचं डोकं मनगटाने कुरवाळलं आणि म्हणाला, "नाही. बघायला आलो होतो."

परतताना मी चिडले होते. "का नाही आणलीस? आता तर कळलंय सगळं!"

"तुला कळलंय. माझे कपडे, माझे हात तेच आहेत ना," तो म्हणाला. "ती माझ्याच कपड्यांवर येऊन निजणार. मी किती दिवस तिला लांब ढकलू?"

त्यानंतर तो जमेल तेव्हा रहाटणीला जात राहिला, नेहमी अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. देवाला जावं तसा, असं वहिनी म्हणायची. कुत्रीला पिल्लं झाली. मळ्यात एकदा रानडुकराने तिला पाडलं, त्यातूनही ती उठली. ती मळ्याची झाली होती. दादा परत निघाला की त्याच्यासोबत ती बांधाच्या टोकापर्यंत यायची आणि तिथून आपोआप मागे फिरायची.

दादाच्या हातांचं मात्र तसं झालं नाही. मलम लावलं की बसायचं, लेथवर उभा राहिला की पुन्हा उठायचं. कंपनीने रबरी हातमोजे दिले, पण फिरत्या मशीनवर हातमोजे घालून काम करणं धोक्याचं, म्हणून ते काढून ठेवायला लागले. दुसरं खातं मागितलं, तर 'जागा नाही' म्हणून सांगितलं. घरात तान्ही मुलगी होती, माझं लग्न व्हायचं होतं. नोकरी सोडायचा विषय निघालाच नाही. आपल्या मुलीला त्याने पहिल्या वर्षात उघड्या हाताने फारसं घेतलंच नाही. हाताला धोतराचं फडकं गुंडाळायचा आणि मग घ्यायचा. तिच्या कातडीला काही होईल, ही भीती त्याच्या मनातून गेली नाही. डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं, की हा लागण होणारा रोग नाही. ती मुलगी चालायला लागली तेव्हा त्याचं बोट धरायची, ते फडक्यासकट धरायची.

माझ्या लग्नानंतर मी निगडीला राहायला गेले. प्राधिकरणात नवी घरं होत होती, त्यातलं एक आमचं. एकदा बाबा आले होते. निवृत्त झाले होते तेव्हा. समोरच्या बंगल्यातलं कुत्रं अंगणात पाठ घासत होतं, ते बघत बसले होते. एकाएकी म्हणाले, "कुत्रीला त्रास झाला तर आपण तिला मळा शोधून दिला. पोराला तोच त्रास होता. त्याच्यासाठी काही शोधलं नाही कोणी."

मी म्हटलं, "काय करणार होतो आपण, बाबा?"

"हं," ते म्हणाले. "तेच म्हणतो मी. काय करणार होतो?" पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी दादाला इन्स्पेक्शन खात्यात घेतलं. कोरडं काम, हातात मोजायची साधनं. उन्हाळा संपायच्या आत हात स्वच्छ झाले. नुसत्या हाताने पोळी मोडताना त्याला बघून आई उठून आत गेली. बाबांनी ते बघायला हवं होतं.

कुत्री त्याच सुमारास गेली. खूप म्हातारी झाली होती. निरोप आमच्यापर्यंत आला तोवर तिला पुरूनही झालं होतं. दादा मला घ्यायला निगडीला आला आणि आम्ही दोघं बसने निघालो. रहाटणीत तोवर काही वावरांत खांब रोवून प्लॉट पाडायला सुरुवात झाली होती, पण तो मळा अजून होता. मालकीणबाईंच्या लेकीने बांधाजवळची जागा दाखवली. वर दगड रचले होते.

"कळवायला हवं होतं हो," दादा म्हणाला.

"तुमी कामावर असता, दादा. आन् तिनं तरास काढला न्हाई. कडब्यात निजली ती निजलीच."

दादाने चपला काढल्या. आता त्याचे हात बरे होते, कसलंही फडकं नव्हतं. त्याने वाकून वरचा एक दगड नीट बसवला आणि हाताला लागलेली माती तशीच राहू दिली.

परतताना थेरगावात बससाठी आम्ही बराच वेळ उभे होतो. तो ओव्हरटाइमचं काहीतरी बोलत होता, मुलीच्या शाळेचं बोलत होता. मध्येच म्हणाला, "मला कळलं तिला कशानं होत होतं ते. तुला कळलं. आईला, बाबांना, सगळ्यांना कळलं. तिला कसं कळणार?"

"तिला बरं वाटलं ना, दादा. पुरे की."

"तिला एवढंच कळलं असेल, की मी बांधलं आणि निघून गेलो."

मी काहीतरी म्हणणार होते. ती दर वेळी किती आनंदाने यायची, याची त्याला आठवण करून देणार होते. तेवढ्यात बस आली, गर्दी झाली, त्याने मला पुढे चढवलं आणि स्वतः मागच्या दाराशी उभा राहिला. चिंचवडला उतरेपर्यंत आमच्यामध्ये माणसं होती.